डाव्या कलाच्या रेघा

आमच्या शहराची वेस म्हणजे घर पडून गेलं आणि दार तेवढं उभं राहिलं, असा प्रकार आहे. दोन्ही बाजूंचा कोट कधीच पाडला गेला, खंदक बुजवून त्यावरून रस्ता काढला आणि ही मधोमध एकटी राहिली. सगळीकडून गाड्या तिला वळसा घालतात. "शत्रूला अडवायला बांधली आणि आता वाहतूक अडवते," असं आबा म्हणायचे आणि ऐकणारा हसायच्या आत स्वतःच हसायचे. हीच थट्टा दुसऱ्या कुणी केली की मात्र त्यांचं डोकं फिरायचं.

आबा म्हणजे माझे वडील. धंद्याने पाथरवट. आमच्या कुण्या पूर्वजाने ती वेस बांधली वगैरे काही नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू. आबांचं दगड घडवायचं आवार तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि घरी जायचा रस्ता तिच्यातूनच होता, इतकंच. पण जाता-येता ते मला आणि दादाला थांबवून वेस दाखवायचे. त्यामुळे शाळेतले पाढे पाठ व्हायच्या आधी आम्हाला वेस पाठ झाली.

बाहेरची कमान उंच, आतली तिच्याहून बुटकी. दोन्हींच्या मधली वाट सरळ नाही, मध्येच काटकोनात वळते. "का वळते?" आबा विचारायचे. दादा माझ्या पुढे घुसून सांगायचा, "ओंडका घेऊन धावत आले तर धडक द्यायला जागाच मिळू नये म्हणून!" वळणाच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. तिथे आता कबुतरं बसतात, नाहीतर फुकटची सावली शोधणारी माणसं. लाकडी दारांवर लांबलचक लोखंडी खिळे आणि एका दारात माणूस वाकूनच जाईल एवढा छोटा दरवाजा. भिंतीत खोल चौकोनी भोक आहे, त्यातून रात्री अडसर ओढायचे. कमानीच्या वर एक अरुंद फट आहे. तिच्यातून खालच्यांच्या डोक्यावर काय काय ओतता येईल, हे ठरवण्यात माझं आणि दादाचं बालपण गेलं. माझ्याकडून बहुतेक वेळा आदल्या दिवशीची भाजी ओतली जायची.

आधी तिथे लाकडी वेस होती म्हणे. ती जाळून शत्रू आत शिरला आणि शहर लुटलं गेलं. मग जे वाचले त्यांनी सगळी दगडात बांधली. एका पिढीने पाया घातला आणि त्यांच्या नातवंडांनी माथ्याचा दगड बसवला. राजेरजवाड्यांत आबांना काडीचा रस नव्हता. पण पाया घालणाऱ्यांना पुरी झालेली वेस बघायला मिळाली नाही, हे सांगताना ते दर वेळी पायाच्या दगडाला हात लावायचे.

आबांचा जीव कमानीवर. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले असतात, ते एकमेकांना दाबून धरतात. सांधा जितका घट्ट तितकी कमान पक्की. "कमान सांध्यावर उभी राहते, तोंडावर नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोजचं होतं. पण म्हणून दगडाचं तोंड कसंही चालायचं असं नाही. दर्शनी बाजूवर छिन्नीच्या बारीक तिरक्या रेघा असतात. वेशीच्या सगळ्या दगडांवर त्या एकाच कलाने जातात, वर उजवीकडून खाली डावीकडे. संध्याकाळचं ऊन आडवं आलं की सगळी भिंत एका रंगाची दिसते. एकाच दगडावर जरी रेघा उलट्या पडल्या तरी तो तेवढा काळपट दिसेल, चांगल्या सदऱ्याला ठिगळ लावावं तसा.

आणि आमचा दादा डावखुरा होता. सगळं घोडं तिथेच अडलं.

गल्लीत त्याला 'डावऱ्या' म्हणायचे. चेंडू डाव्या हाताने फेकायचा, पेन्सिल डाव्या हातात धरायचा, माझी वेणीही डाव्या हातानेच ओढायचा. शाळा सोडून तो आवारात आला तेव्हा आबांनी त्याचा डावा हात फडक्याने कंबरेला बांधला आणि उजव्या हातात हातोडा दिला. आई त्या दिवशी आबांशी कडाकडा भांडली. "पोराला जनावरासारखं बांधता?" आबा शांतपणे म्हणाले, "उलट्या रेघांचा दगड कुठला मुकादम घेईल? तूच सांग." फडकं पुढे सुटलं, पण दर्शनी बाजू उजव्याच हाताने घडवायची हा आबांचा हुकूम कायम राहिला. दादा ती घडवायचा, पण हळू. रेघा जरा थरथरलेल्या यायच्या. आबा बोट फिरवून म्हणायचे, "अजून हात बसला नाही."

आमच्या धंद्यात ह्या तीन-चार शब्दांना फार वजन आहे. प्रत्येक घडवणाऱ्याची एक खूण असते. ती दगडाच्या तोंडावर कोरत नाहीत, सांध्याच्या बाजूवर कोरतात. दगड बसला, चुना भरला की खूण कायमची आत. दगड वर चढवताना तो कुणाचा हे मुकादमाला कळावं, एवढाच तिचा उपयोग. शिकणारा माणूस स्वतःच्या दगडावर उस्तादाची खूण कोरतो. उस्ताद ज्या दिवशी म्हणेल की आता हात बसला, त्या दिवसापासून स्वतःची. आबांची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्यावर दोन आडव्या. मी तिला विजेचा खांब म्हणायचे. "ही खूण निघाली तेव्हा शहरात वीज नव्हती, ठिणगे," आबा म्हणायचे. ठिणगी म्हणजे मी. नाकावरच राग, म्हणून पडलेलं नाव.

मी शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी शिवायला लागले त्या सुमारास एका उंच लादलेल्या ट्रकने बाहेरच्या कमानीला धडक दिली. माथ्यापासून कमानीची सगळी डावी बाजू खिळखिळी झाली. ती उतरवून नवीन दगड घालायचं ठरलं, आणि ती सगळी बाजू आबांना मिळाली. दोघा बापलेकांनी मिळून ते काम केलं. आवारात एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला त्यांच्याकडे पाठ करून दादा. मी डबा घेऊन जायचे तेव्हा दोन हातोड्यांचे आवाज लांबून ऐकू यायचे. आबांचा एकसुरी, दादाचा कधी सावकाश, कधी एकदम झपाझप. आबा दगडाच्या सांध्याच्या बाजूला गुण्या लावायचे, काटकोन बघायचे आणि पास करायचे. गुण्याला डावं-उजवं कळत नाही. सगळ्या दगडांवर विजेचा खांब कोरला गेला आणि कमान उभी राहिली. सांध्यात नख जाईना. लोक बघायला यायचे, आबांची पाठ थोपटायचे.

त्या कामानंतर दादाने खूण मागितली. आबा म्हणाले, "अजून हात बसला नाही."

मला इतका संताप आला की मी हातातलं भांडं आपटलं. "तिशीला आला तो! म्हातारपणी बसणार का त्याचा हात?" आबा म्हणाले, "तू तुझ्या कॉलरी शिव." दादा मात्र हसला. मला म्हणाला, "जाऊ दे गं. खूण काय, भिंतीतच जाणार ना शेवटी." पण मला माहीत होतं, त्याला ते लागलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि दादा जेवला नाही म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला सांगायला नको.

मग त्याला खोकला लागला. दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि एकदा बसली की निघत नाही. तोंडाला फडकं बांधायचा, पण फडक्याने काय होतंय. धिप्पाड माणूस होता, बघता बघता त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती दोन बोटं सैल झाली. मी ती आत घेऊन शिवली. पुन्हा सैल झाली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट टाकली होती. आबा कामावरून आले की हातपाय धुवून, कपडे बदलून मगच त्याच्याजवळ जायचे. अंगावरच्या धुळीला ते आता भ्यायला लागले होते.

एकदा दादा त्यांना म्हणाला, "आबा, वेशीत माझे दगड आहेत. एकावर तरी माझी खूण असायला हवी होती."

आबा म्हणाले, "तू बरा हो. पुढच्या कामापासून तुझीच खूण."

"म्हणजे बसला का हात?" दादाने विचारलं. खोकता खोकता हसत होता. आबांनी मान हलवली, होय म्हणून. पुढचं काम आलंच नाही. दादा गेला. त्याच्या मागोमाग वर्षभरात आई गेली. आबांनी छिन्नी ठेवली ती ठेवलीच. आवार दुसऱ्या कुणी घेतलं. आबा घरात माझ्या मशीनजवळ बसायचे आणि खाली पडलेल्या चिंध्या गोळा करायचे. ज्या माणसाच्या आवाजाने गल्ली दणाणायची तो माझ्या पायाशी बसून चिंध्यांच्या घड्या घालतोय, हे मला बघवायचं नाही.

बऱ्याच वर्षांनी वेशीखालची पाण्याची जुनी वाहिनी फुटली. पाणी आतल्या आत मुरत राहिलं आणि कमानीच्या डाव्या अंगाचा बुरूज खचला. कमानीची ती बाजू उतरवून पाया नव्याने भरायचा आणि तेच दगड पुन्हा चढवायचे असं ठरलं. प्रत्येक दगडावर रंगाने आकडा घालून ते पटांगणात ओळीने मांडले. हे कळलं त्या सकाळी आबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात उभे.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"वेशीवर. तू पण चल. मला आता नीट दिसत नाही."

"तिथे तुमचं काय अडलंय?"

"त्याची खूण कोरायचीय," आबा म्हणाले. "चुना लागायच्या आत. पुन्हा दगड उघडे पडायचे नाहीत माझ्या जन्मात."

मी मशीनवर कापड झाकलं आणि निघाले. ह्या माणसावर इतकी वर्षं मनात राग धरला होता, पण तो त्या वेळी कुठे गेला कोण जाणे.

मुकादम ओळखीचा निघाला. आबांच्या हाताखाली कधीकाळी राबलेला. म्हणाला, "म्हातारबा, बघा हवं तेवढं. फक्त दगड हलवायचा असला तर माझ्या माणसांना सांगा, स्वतः हात घालू नका." आम्ही ओळीतून फिरायला लागलो. एरवी भिंतीत दडलेल्या सांध्याच्या बाजू उन्हात उघड्या पडलेल्या. आबा पाण्याने चुना धुवायचे, बोटांनी चाचपायचे. विजेचा खांब. पुढच्यावर विजेचा खांब. त्याच्या पुढच्यावरही तोच. आपले कुठले आणि मुलाचे कुठले, काही कळेना. "त्यानेही माझीच खूण कोरली ना," आबा म्हणाले. "मीच कोरायला लावली." रोज सकाळी जायचो आणि ऊन डोक्यावर येईतो बघायचो. रोज तेच. तिकडे नवा पाया भरून होत आला होता, कमानीचा लाकडी साचा उभा राहत होता, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

मला दगडातलं काही कळत नाही. पण कपडा उलटा करून बघायची सवय हाताला लागलीय. वरून सगळ्यांची शिलाई सारखीच दिसते, आतून बघितलं की कुठल्या बाईने शिवलंय ते कळतं. एका सकाळी ऊन आडवं होतं आणि आबांनी नुकत्याच दोन दगडांच्या सांध्याच्या बाजू धुतल्या होत्या. मी सहज म्हटलं, "आबा, ह्याच्यावरच्या रेघा इकडे उतरतात आणि त्याच्यावरच्या तिकडे. असं का?"

आबा खाली वाकलेले होते, त्यांनी बादली बाजूला सारली. मग मला म्हणाले, "कुठे? माझं बोट धरून दाखव."

मी त्यांचं बोट धरून रेघांवरून फिरवलं. वर डावीकडून खाली उजवीकडे. त्यांनी मुकादमाच्या माणसांना बोलावून दगड उलटा करायला लावला, खालचं टोक वर. कल तोच राहिला. तो बदलत नाही. मग त्यांनी दुसरा धुतला, तिसरा धुतला. कुठे सरळ कल, कुठे डावा. धडपडत ते ओळीच्या टोकापर्यंत गेले. मी मागून बादली घेऊन.

दर्शनी बाजू दादाने हुकमाप्रमाणे उजव्या हाताने घडवली होती. आणि जी बाजू कुणाला दिसणार नव्हती, जिच्यावर कमान उभी राहते, ती त्याने आबांकडे पाठ करून डाव्या हाताने घडवली होती. तो झपाझप येणारा आवाज त्या हाताचा होता. रेघा कुठे थरथरलेल्या नाहीत, कुठे थांबलेल्या नाहीत. त्या बाजूचे निम्म्याहून जास्त दगड त्याचे निघाले. बुरूज खचला तरी ती बाजू फाकली नव्हती, सगळी एकसंध खाली बसली होती, असं मुकादम म्हणाला. माथ्याचा दगड मात्र आबांचाच होता. मला बरं वाटलं, त्यांच्यासाठी काहीतरी उरलं.

आबा एका दगडावर बसले. "हात केव्हाच बसला होता," ते म्हणाले. "मी भलत्याच हाताकडे बघत बसलो." आणि स्वतःचा डावा हात मांडीवर घेऊन उलटासुलटा करून बघायला लागले. त्या हाताला काही येत नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला भावाची इतकी आठवण आली की तिथेच, पटांगणात, चार माणसांदेखत मी मोठ्याने रडले.

दुसऱ्या दिवशी आबांनी पेटीतून छिन्नी काढली. गंज चढला होता, ती त्यांनी घासून घेतली. पटांगणात गेल्यावर पहिल्या दगडाजवळ बसले, छिन्नी टेकवली आणि थांबले. साचा तयार होता, चुना कालवला जात होता.

"काय झालं, आबा?"

"त्याची खूण कुठली होती गं?"

मला माहीत नव्हतं. मला त्याने कधी दाखवली नव्हती. आईला माहीत असेल का, म्हटलं, पण आई कुठे होती विचारायला.

आबा दगडाकडे बघत बोलायला लागले. "ट्रकच्या त्या कामानंतर आवारात मला म्हणाला, आबा, ही बघा, मी ठरवलीय. खाली धुळीत बोटाने काढली होती त्याने. मी उभा होतो. बघितलंसुद्धा नाही. पायाने पुसली आणि म्हटलं, आधी हात बसव." त्यांनी पाय पुढे करून जमिनीवरून फिरवला, तसा. "एवढी खाली मान घातली असती तर दिसली असती."

"मग आता तुम्हीच एखादी कोरा ना," मी म्हटलं. "फूल, चांदणी, काहीही. त्याला आवडेल."

"मी ठरवलेली त्याची कशी होईल?" आबा म्हणाले.

मग त्यांनी छिन्नी आडवी धरली आणि डाव्या कलाच्या त्या दगडावरचा आपला विजेचा खांब तासायला घेतला. बाजूच्या रेघांना त्यांनी जराही धक्का लागू दिला नाही. एक झाला की मी त्यांना धरून दुसऱ्याकडे न्यायचे. दुपारी जेवायला ते थांबले नाहीत, मीही थांबले नाही. तासलेली जागा ते हाताने पुसायचे आणि पुढे सरकायचे. दादाच्या एकाही दगडावर त्यांनी आपली खूण ठेवली नाही.

दगड चढवायला लागले तेव्हा मुकादम साच्याजवळ उभा होता. जुन्या पद्धतीचा माणूस. दोराने बांधलेला दगड हलला की खूण बघून तो घडवणाऱ्याचं नाव पुकारायचा. दादाचा पहिला दगड आला तेव्हा त्याने सांध्याची बाजू बघितली, हात फिरवला आणि आबांकडे वळला.

"ह्याच्यावर खूणच नाही, म्हातारबा. कुणाचा म्हणू?"

आबा माझा हात धरून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता दादाचं नाव घेतील. मीही तेच म्हणणार होते. पण मुकादमाच्या रिवाजात खुणेशिवाय नाव नव्हतं, आणि ती खूण आबांनीच पायाने पुसली होती.

"माझा नाही," आबा म्हणाले.

मुकादमाने वरच्यांना इशारा केला. दगड वर गेला, त्यावर चुना ओतला गेला. पुढचा आला. "हा?" "माझा नाही." त्याच्या पुढचा आला. प्रत्येक दगडाला आबा तेवढंच म्हणत राहिले, आणि दर वेळी त्यांचा आवाज आधीपेक्षा बारीक होत गेला.